पानावरचं दगडफूल ओळखायचं कसं

दर श्रावणात आमच्या गल्लीतलं कोणी ना कोणी आंब्याचं पान घेऊन दारात उभं राहतं. "मॅडम, हे पहा नं, पानावर काय होऊन राहिलं?" मी प्रतापनगरात राहते. सव्वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. तेव्हापासून पानं, किडे, बुरश्या सगळं माझ्याकडे येतं. आंब्याच्या त्या पानावर गंजाच्या रंगाचे, मखमलीसारखे गोल ठिपके असतात. लोकांना ती बुरशी वाटते. ती बुरशी नाही, शैवल आहे. नाव सेफॅल्युरॉस. शैवल असूनही ते हिरवं दिसत नाही, कारण त्याच्या पेशींत नारिंगी रंगद्रव्य साठलेलं असतं.

या ठिपक्यापासून सुरुवात केली, कारण पानावरच्या दगडफुलांतलं सगळ्यात देखणं जे आहे, त्याचा अर्धा भाग म्हणजे हेच शैवल. दुसरा अर्धा भाग बुरशीचा. नागपुरात आपल्याला पहिला अर्धा दिसतो, दुसरा दिसत नाही.

दगडफूल म्हटलं की आपल्याला इतवारीतल्या मसाल्याच्या दुकानातली राखाडी-काळी, कुरळी पापडी आठवते. सावजी रस्सा तिच्याशिवाय होत नाही. ती झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढते, आणि बुरशी व शैवल यांनी मिळून तयार झालेली असते. पाठ्यपुस्तकात तिला शैवाक म्हणतात. पण मुलांना शैवाक म्हटलं की ती शेवाळाकडे वळतात, म्हणून मी दगडफूल हाच शब्द वापरते. पानावरची दगडफुलं याच गोतातली, मात्र फार बारीक. नखाएवढा डाग म्हणजे मोठा नमुना. जगात अशा ८०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि त्या जवळपास सगळ्या उष्ण कटिबंधातल्या ओलसर, सदाहरित जंगलांत राहतात.

म्हणून आधी जागेचं बोलू. मला नागपुरात जिवंत पानावर दगडफूल कधी सापडलेलं नाही आणि त्याचं कारण सरळ आहे. दगडफूल हळू वाढतं. बीजाणू पानावर पडून, पसरून, त्याला फळ (म्हणजे नवे बीजाणू तयार करणारा बुरशीचा भाग) धरेपर्यंत कित्येक महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त लागतं. आपल्या जंगलातला साग, ऐन, तेंदू तोवर पान टाकून मोकळे होतात. अंगणातला आंबा किंवा बकुळ हिरवी राहते खरी, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हवेत ओल म्हणून उरत नाही. जाड, चिवट, दोन-तीन वर्षं टिकणारं पान आणि वर्षातले बरेच महिने दमट सावली, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. आपल्या राज्यात त्या सह्याद्रीवर मिळतात. मी आंबोलीला जाते. महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर, तिथून एसटीने आजऱ्यामार्गे. लांब पडतं, पण पावसाळा सरता सरता गेलं की एका सकाळी चार-पाच प्रजाती (जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती) दिसतात.

तिथे गेल्यावर मान वर करून शेंडे पाहू नका. ओढ्याकाठच्या झुडपांची आणि लहान झाडांची, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीची, खालची जुनी पानं पाहा. फांदीच्या टोकाचं कोवळं पान कोरं असतं. त्याच फांदीवर मागे मागे येत गेलं की आधी हिरवट धूसर ठिपके आणि मग फळं धरलेले डाग दिसतात. एकाच फांदीवर वय ओळीने मांडलेलं असतं. जांभूळ, अंजनी अशी चामड्यासारखी पानं आधी हातात घ्या. पानाची वरची बाजू पाहायची, खालच्या बाजूला क्वचितच काही असतं. अंधाऱ्या सावलीत पोरिना ही दगडफुलाची प्रजाती आणि तिच्या नात्यातली जास्त, तर झाड पडून उजेड आला असेल तिथे गोम्फिलेसी कुलातली जास्त. टिपण करताना "सावली" किंवा "उजेड" एवढं लिहिलं तरी पुढे उपयोग होतो.

पान तोडण्यापूर्वी एक पक्कं करा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बाहेरही वनविभागाची जमीन असेल तर विचारायचं. मी ज्यांच्याकडे उतरते त्यांच्या परसात आणि बांधावर त्यांना विचारून पानं घेते. एका झाडाची दोन-तीन पानं पुरतात.

प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी चढते आणि सगळं वाया जातं. जुन्या वर्तमानपत्रात पसरून, वर एखादं पुस्तक ठेवून वाळवा. फार दाब दिला की वाटीसारखी फळं चपटी होतात. वाळलं की कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा आणि वर पेन्सिलीने गाव, तारीख, झाड, उंची, सावली-उजेड लिहा. शाई ओलीने पसरते. नागपूरकरांसाठी एक खास सूचना: ज्या खोलीत कूलर चालतो तिथे ही पाकिटं ठेवू नका. बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरच्या खोलीत सगळं दमट होतं. माझी एका उन्हाळ्यातली अकरा पाकिटं अशी गेली. आता ती पत्र्याच्या डब्यात, आतल्या खोलीच्या कपाटात असतात.

आता टेबलावर बसू. दहापट भिंग, पाण्याचा थेंब, नवं दाढीचं ब्लेड, काचपट्ट्या आणि शाळेत असतो तसा ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक. यापेक्षा जास्त काही लागत नाही. रसायनं दोनच: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्के द्रावण आणि पातळ आयोडीन. पोटॅश डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते, म्हणून मुलांच्या हातात देऊ नका.

पहिला प्रश्न, हे दगडफूल आहे तरी का? ओल्या बोटाने पुसा. बोट काळं झालं आणि पान स्वच्छ निघालं तर ती काजळी आहे. काटोल-नरखेडच्या संत्राबागायतदारांना हे सांगायला नको, ते तिला कोळशी म्हणतात. काळी माशी गोड चिकटा टाकते आणि त्यावर ही बुरशी वाढते. नखाने खरवडल्यावर टोपीसारखं निघून आलं आणि खाली ओलसर काही दिसलं तर तो खवलेकीटक. पान दोन्ही बाजूंनी करपलेलं असेल तर रोग. पाण्याचा थेंब टाकल्यावर राखाडी डाग हळूहळू हिरवा होत गेला, कडा नीट आखलेली असली आणि आत बारीक ठिपके किंवा वाट्या दिसल्या, तर पुढे जायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न, आत शैवल कोणतं? नवशिके हा प्रश्न गाळतात आणि तिथेच फसतात. मीही फसले होते. आंब्याच्या पानावरचा तो गंजाचा ठिपका मी एकेकाळी 'स्ट्रिग्युला', म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं ते देखणं दगडफूल, म्हणून पाकिटात घातला आणि दोन वर्षं तसाच ठेवला. आंबोलीला खरी स्ट्रिग्युला पाहिली तेव्हा फरक कळला.

स्ट्रिग्युला ओली असताना पाचूसारखी हिरवी दिसते, वाळली की राखाडी-पांढरट. कडेला गोलसर पाकळ्या असतात आणि अंगावर काळे ठिपके. ब्लेडची ओली धार तिच्याखाली सरकवून पाहा. ती उचलली जात नाही, पानाची साल फाटते. कारण ती पानावर बसलेली नसून पानाच्या मेणचट आवरणाच्या, म्हणजे उपत्वचेच्या, खाली वाढते. तिच्यातलं शैवल सेफॅल्युरॉसच असतं आणि त्याची राहण्याची जागा तीच आहे. आंब्याच्या पानावर ते एकटं असतं तेव्हा मखमली केस काढतं आणि त्या केसांच्या टोकाला बीजाणूंच्या पिशव्या धरतं. स्ट्रिग्युलाच्या बुरशीने त्याला वेढलं की केस थांबतात, रंग बदलतो, पाकळ्या येतात.

हे कोडं सोडवायला आपल्याच उपखंडातल्या पानांचा उपयोग झाला, याचा मला फार आनंद वाटतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांची जोडी आहे, असं श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. पुढच्या दशकात कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम या डॉक्टरने पानावरच्या या परजीवी शैवलाचं वर्णन केलं आणि काही दगडफुलं तयार होण्यात त्याचा वाटा असतो, हेही दाखवलं. मग मार्शल वॉर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉफीवरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करायला १८८० मध्ये श्रीलंकेत गेला आणि तिथल्या पानांवरच्या स्ट्रिग्युलाची वाढ पायरीपायरीने तपासून १८८४ मध्ये छापली. आधी शैवलाची चकती, मग तिच्यावर बुरशीचे धागे, मग दगडफूल. भिंग घेऊन बसलात तर हा क्रम आजही एका फांदीवर दिसतो.

डाग ब्लेडने अलगद उचलला गेला, तर तो उपत्वचेच्या वर राहणारा. त्याचा कण पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. पेशी विटांसारख्या एकमेकींना चिकटून चकती करत असतील आणि त्यांत नारिंगी थेंब असतील तर शैवल फायकोपेल्टिस. ते पोरिनात आणि मॅझोसियात असतं. सुट्या, गोल, गवतासारख्या हिरव्या पेशी असतील तर गोम्फिलेसी किंवा पायलोकार्पेसी कुलाकडे वळायचं. नारिंगी पेशींचे लांब दोरे असतील तर ट्रेंटेपोहलिया, आणि सोबत पिवळी-नारिंगी बशीसारखी फळं असतील तर बहुधा सीनोगोनियम. हे सगळं आणल्यापासून काही दिवसांत पाहून घ्या. पाकिटात नारिंगी रंग उडत जातो.

तिसरा प्रश्न फळाचा. इथे मी वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. फळाचे ढोबळ प्रकार तीन. बंद सुरईसारखं, वर सुईच्या टोकाएवढं छिद्र असलेलं. उघडं, वाटी किंवा बशीसारखं. आणि रेघेसारखं लांबट. स्ट्रिग्युला आणि पोरिना सुरईवाल्या, बिसोलोमा बशीवाली. बिसोलोमाच्या बशीची कड कापसासारखी पिंजलेली असते, तिला एकदा पाहिलं की विसरता येत नाही. मॅझोसियाच्या वाटीभोवती तिच्याच अंगाचा काठ उठलेला असतो आणि कित्येकदा अंगावर मधून बाहेर जाणाऱ्या रेघा असतात.

केसांनी मात्र गोंधळ होतो. अंगावर काळे ताठ केस असतील तर ट्रायकेरिया, केस पांढरट असतील तर एकिनोप्लाका. पण केसांचं कडं फक्त सुरईच्या तोंडाभोवती असेल आणि अंग गुळगुळीत असेल, तर ती पोरिनाच्या कुळातली ट्रायकोथेलियम. केस कुठे आहेत ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फळाशिवाय आणखी एक गोष्ट शोधा. पान गळायच्या आत प्रसार व्हावा म्हणून ही दगडफुलं फळाची वाट न पाहता वेगळ्या अवयवांतून बीजाणूंसारखे कण तयार करतात, आणि ते अवयव कुलाची ओळख सांगतात. गोम्फिलेसी कुलात ते काडीसारखे उभे असतात. जायलेक्टिडियममध्ये तेच चपटे खवले होतात. स्पोरोपोडियम आणि कॅलोपाडियात कानाच्या पाळीसारखी छोटी घडी उभी राहते. फळ नसलेला नमुना लोक टाकून देतात. टाकू नका, ही पाळी दिसली तर कुलापर्यंत पोचता येतं.

चौथं काम काप घेण्याचं. फळासकट पानाची अरुंद पट्टी कापा, गाजराला उभी चीर देऊन त्यात ती धरा, आणि गाजरासकट पातळ काप घ्या. कॉलेजात आम्ही पानाचे काप असेच घ्यायचो. वीस कापांतला एखादा चांगला निघतो. पाण्यात आधी पाहा, मग पोटॅशचा थेंब द्या म्हणजे काप स्वच्छ होतो. पोटॅश पाण्याने धुऊन मग आयोडीन द्या. बीजाणू ज्या लांबट पिशवीत असतात तिचं टोक निळं झालं आणि त्यात नळीसारखी रचना दिसली तर पायलोकार्पेसी. गोम्फिलेसीत टोक निळं होत नाही.

बीजाणूंचे पडदे मोजा. स्ट्रिग्युलात मधोमध एक पडदा, म्हणजे दोन कप्पे. पोरिनात आडवे पडदे तीन किंवा त्याहून जास्त. जायलेक्टिडियमच्या पिशवीत बहुधा एकच मोठा बीजाणू असतो आणि त्यात आडवे-उभे दोन्ही पडदे, विटांच्या भिंतीसारखे. कच्च्या बीजाणूला पडदे कमी असतात, म्हणून निदान दहा पिकलेले मोजल्याशिवाय आकडा लिहू नका.

आता वर्गीकरण. नियमाप्रमाणे दगडफुलाचं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव असतं. शैवलाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव. त्यामुळे वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही सगळी उतरंड बुरशीच्या नात्याने लावायची. हे ऐकायला सोपं आहे, पण जुन्या अभ्यासकांनी तसं केलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पानावर राहणाऱ्या पोरिनांसाठी 'फायलोपोरिना' अशी वेगळी प्रजाती केली होती, आणि शैवल फायकोपेल्टिस म्हणून तिला स्ट्रिग्युलाच्या कुळात बसवलं होतं. स्वीडनच्या रॉल्फ सँटेसन यांनी १९५२ मध्ये पानावरच्या दगडफुलांचा मोठा आढावा छापला आणि बुरशीचं फळ हाच आधार धरून ती सगळी बुरश्यांच्या वर्गीकरणात नीट बसवली. फायलोपोरिना तेव्हा पोरिनात परत गेली. झाडाच्या सालीवर राहणारी पोरिना आणि पानावर राहणारी पोरिना एकाच घरातल्या. पान हा त्यांचा पत्ता आहे, आडनाव नाही.

मी मुलांना हे असं दाखवते. आंबोलीचं एक पान घ्यायचं, त्यावर स्ट्रिग्युला आणि पोरिना शेजारी शेजारी. दोघींची फळं सुरईसारखी, दोघींचं शैवल नारिंगी गोतातलं. शेजारी इतवारीच्या दगडफुलाची पुडी आणि चौथ्या कोपऱ्यात कोळशी चढलेलं संत्र्याचं पान ठेवायचं. मग विचारायचं, कोण कोणाचं? सगळी मुलं स्ट्रिग्युला आणि पोरिनाची जोडी लावतात. पण स्ट्रिग्युलाच्या बीजाणूंची पिशवी जाड, दोन थरांच्या भिंतीची असते आणि पोरिनाची पातळ. डीएनएनेही तेच सांगितलं. पोरिना लेकॅनोरोमायसीट्स वर्गातली, म्हणजे मसाल्याच्या पुडीची नातलग. स्ट्रिग्युला डोथिडिओमायसीट्स वर्गातली, म्हणजे तिचा वर्ग कोळशीच्या बुरशीचा. मॅझोसिया तिसऱ्याच, आर्थोनिओमायसीट्स वर्गातली. एका पानावर तीन वर्ग. पानावर राहण्याची कला बुरश्यांनी वेगवेगळ्या घराण्यांतून, पुन्हापुन्हा साधली आहे.

डीएनएमुळे नावं अजूनही हलतात. स्ट्रिग्युलाचे २०२० मध्ये अनेक प्रजातींत भाग पडले. पूर्वीची डिमेरेला आता सीनोगोनियम झाली. म्हणून पाकिटावर नुसतं नाव लिहू नका, नाव कशावरून ठरवलं ते लिहा: शैवल, फळ, पिशवी, पडदे. नाव बदललं तरी निरीक्षण टिकतं. जातीपर्यंत पोचायचं तर नमुने ताडून पाहावे लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दगडफुलांचे मोठे संग्रह आहेत.

आंबोलीला जाणं जमेपर्यंत नागपुरात हात बसवता येतो. सेमिनरी हिल्सवर पाऊस पडून गेला की सालीवरची दगडफुलं उमलतात. त्यांना हात न लावता भिंगाने वाट्या, सुरया, रेघा ओळखा. अंगणातल्या आंब्याच्या पानावरचं सेफॅल्युरॉस खरवडून नारिंगी पेशी पाहा. गाजरातून काप घ्यायचा सराव कोणत्याही पानावर होतो. हात आधी बसला तर आंबोलीचा एकुलता एक नमुना कापताना तो कापत नाही.

सध्या टेबलावर गेल्या सहलीतलं एक पाकीट आहे. अंजनीचं पान, ओढ्याकाठ, कमरेएवढी उंची, दाट सावली. डाग सहज उचलला जातो, फायकोपेल्टिस स्पष्ट दिसलं, सुरई काळसर, पिशवीची भिंत पातळ. एका फळातल्या चार बीजाणूंत सात-सात पडदे मोजले, बाकी सगळे कच्चे निघाले. पाकिटावर पेन्सिलीने 'पोरिना, जाती ठरायची' एवढंच लिहिलंय. पानावर अजून सहा फळं शिल्लक आहेत. रविवारी भाची येते तेव्हा तिच्या हाताने त्यातलं एक कापणार आहे, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.